वडापची सीट, नोटा तपासायची बत्ती आणि तीन प्रश्नांचा फॉर्म

तासगाव-सांगली रोडला बरीच वर्षं वडाप मारतोय, म्हंजे सीटवर माणसं घेऊन जीप चालवतोय. अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, पण कवलापूर, बुधगाव, माधवनगर असं करत माणसं चढत-उतरत राहतात, म्हंजे एका फेरीत एकाच सीटवर तीन-चार जण बसून जातात. वडाप कायदेशीर का बेकायदेशीर हा वाद इथं नको, त्यावर आमचं आणि आरटीओचं बोलणं रोजच चालू असतं. मुद्दा गाडी स्वच्छ ठेवायचा आहे आणि त्यात मोबाईल, मशीन वगैरे काय खरंच उपयोगाचं आणि काय नुसता पैशाचा चुराडा, ते सांगतो.

आधी एक किस्सा, कारण सगळं तिथनं सुरू झालं. कवलापूरला एक कॉलेजची पोरगी चढली, अंगावर पांढराशुभ्र ड्रेस, आणि सांगलीपर्यंत वाकून उभी राहून आली. आमच्या क्रूझर जीपमध्ये उभं राहायला जागा नसते हो, मानेला रग लागते. मी आरशातनं बघून दोनदा म्हणलं, ताई बसा की, मागं जागा हाय. ती काहीच बोलली नाही. रात्री गाडी लावल्यावर बघतो तर मागच्या बाकावर कुणीतरी ओकलेलं आणि वरनं पेपर टाकून ठेवलेला. सकाळचं होतं ते. खिडक्या उघड्या, वारा सगळा मागं जातो, पुढं वास येत नाही, त्यामुळं दिवसभर फेऱ्या मारल्या आणि मला पत्ताच नाही. बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं.

तर ड्रायव्हरची पाठ कायम सीटकडं असते, ही खरी अडचण. गाडी घाण होते त्याचं काय नाय, माणसं बसणार म्हणल्यावर होणारच. पण झाली हे वेळेत कळलं तर पाच मिनिटांचं काम असतं आणि संध्याकाळी कळलं तर डाग सीटच्या शिलाईत उतरलेला असतो. म्हणून मी आधी फवारणीच्या मागं न लागता कळायची सोय केली.

सोय म्हंजे क्यूआर कोड. पेमेंटचा लावतो तसाच, पण हा तक्रारीचा. गुगल फॉर्म फुकट बनतो, मोबाईलवर ब्राउझर उघडून अर्ध्या तासात होतो, माझ्या पुतण्यानं करून दिला. प्रश्न तीनच ठेवा. कुठली सीट, काय झालंय, आणि तिसरा "आणखी काही सांगायचंय का", हा भरला नाही तरी चालतो असा. पहिले दोन टिक करायचे ठेवा, लिहायचे नकोत. काय झालंय याच्या खाली ओकारी, थुंकी, कचरा, ओलं, वास, दुसरं काही, बास. नाव विचारू नका, नंबर तर अजिबात नको. सुरुवातीला मी व्हॉट्सॲपचा क्यूआर लावला होता, स्कॅन केला की थेट माझ्या नंबरवर मेसेज. बायकोनंच सांगितलं, कुठली पोरगी आपला नंबर वडापवाल्याला देईल ओ? खरंच आठवडाभर एक मेसेज आला नव्हता. फॉर्म लावल्यावर यायला लागले.

आता फॉर्ममधल्या चुका, ज्या मी केल्या त्या तुम्ही करू नका. एक, फोटो अपलोड करायचा प्रश्न टाकू नका. तो टाकला की भरणाऱ्याला गुगलमध्ये लॉगिन करावं लागतं, माणूस तिथंच सोडून देतो. सेटिंगमध्ये ईमेल गोळा करायचं असतं तेपण बंदच ठेवा. दुसरी चूक जास्त भारी. छापायला दिलेल्या पहिल्या गठ्ठ्यात फॉर्म पाठवायच्या लिंकऐवजी फॉर्म एडिट करायची लिंक गेली, त्यामुळं स्कॅन केलं की "परवानगी मागा" असं यायचं आणि मला दिवसभर परवानगी मागणाऱ्यांचे मेल. झेरॉक्सवाल्याचे पैसे गेले ते गेलेच. छापायच्या आधी दुसऱ्याच्या मोबाईलवर स्कॅन करून बघा, स्वतःच्या नको, स्वतःच्यावर सगळं उघडतं. तिसरं, क्यूआर बनवणाऱ्या काही वेबसाईट "डायनॅमिक" म्हणून कोड देतात, तो त्यांच्या लिंकवरनं फिरून जातो आणि फुकटची मुदत संपली की बंद पडतो. साधा स्टॅटिक घ्या, किंवा क्रोममध्ये फॉर्म उघडून शेअरमध्ये जाऊन क्यूआर काढा, तो मरत नाही.

फॉर्मच्या उत्तरांच्या पानावर तीन टिंबं असतात, तिथं नवीन उत्तर आलं की मेल यावा असं चालू करता येतं. पण चालवताना मोबाईल बघायचा नाही, हे सांगायला लागू नये तरी सांगतो. मी स्टँडला गाडी लावली की बघतो. सांगलीत टर्न यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात होऊन जातं.

सीटला नंबर टाका. हे सगळ्यात सोपं आणि सगळे विसरतात. "मागं डावीकडं" म्हणल्यावर कुणाची डावी? ऑइल पेंटनं किंवा स्टिकरनं १ ते १२ आकडे टाकले की भांडण मिटलं. क्यूआर प्रत्येक बाकासमोर एक लावा, डोळ्याच्या उंचीला, आणि वर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, मी लिहिलंय "सीट घाण आहे? मामांना कळवा, नाव लागत नाही". कॉलेजची पोरं मला मामा म्हणतात म्हणून. म्हाताऱ्या माणसांना स्कॅनबिन जमत नाही, त्यांच्यासाठी उतरताना मीच विचारतो, आज्जी बसायला बरं होतं का. आज्ज्या गुगलपेक्षा जास्त सांगतात.

आणि हो, सगळ्याच तक्रारी तक्रारी नसतात. पहिल्या आठवड्यात एकानं लिहिलं "मामा गाणी बदला". एकानं "पुढच्या सीटवर तुमचा मित्र रोज फुकट बसतो". खरं होतं तेपण.

महिनाभरानं फॉर्मची शीट उघडून बघितली, त्यात प्रत्येक उत्तराची वेळ आपोआप पडलेली असते, वेळेच्या क्रमानं लावली तर चित्र स्पष्ट झालं. थुंकीच्या तक्रारी जवळपास सगळ्या संध्याकाळच्या परतीच्या फेरीतल्या आणि सगळ्या शेवटच्या बाकावरच्या. मावा, म्हंजे तंबाखू-सुपारीचा. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण टपरीवर हातावर मळून मावा मिळतोच आणि मागच्या बाकाची खिडकी अर्धीच उघडते त्यामुळं थुंकलेलं परत आत पत्र्यावर. मी काय केलं, ती खिडकी दुरुस्त केली? नाय. उघडी खिडकी म्हंजे मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर. तिथं झाकणाचा डबा बसवला, आत थोडी माती. आणि डब्याच्या वर पाटी. निम्म्यानं कमी झालं, बंद झालं म्हणलं तर खोटं होईल.

आता साफ करायचं. इथं गावाप्रमाणं घाण बदलते, त्यामुळं कुठल्यातरी दिल्लीच्या व्हिडिओत सांगितलेलं आपल्याकडं चालतंच असं नाही. आपल्याकडं चार गोष्टी आहेत, हळद, गुलाल, मावा आणि घाटातली ओकारी.

हळदीपासून सुरू करतो, कारण सांगलीच्या मार्केट यार्डातनं येणारा माणूस हळद अंगावर घेऊनच येतो. आपल्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे, पण सीटवर नको. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरतो की रक्त आहे का काय. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं ना, तोच प्रकार, साबण चुन्यासारखाच अल्कली असतो. मग काय करायचं, आधी कोरडी झटका. नंतर लिंबू किंवा लिंबूसत्व पाण्यात घालून पुसा, लाल झालेलं परत पिवळं होतं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून त्यावर सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर कपड्यावर घेऊन टिपत जा, चोळू नका. रेक्झिनच्या कोपऱ्यात आधी थोडं लावून बघा, हलक्या रेक्झिनची चमक जाते. उरलेलं काम ऊन करतं. दरवाजे उघडून गाडी दुपारभर उन्हात लावली की हळद फिकी पडते, आणि सांगलीला ऊन कमी पडलंय असं कधी झालंय का.

गुलाल म्हंजे तासगावकरांना सांगायला नको. ऋषिपंचमीचा गणपतीचा रथ, गुलाल, पेढे, खोबरं, आणि मग तीच माणसं गाडीत. एका वर्षी मी हुशारी करून पाइप लावून गाडी धुतली, तर छत सोडून सगळं गुलाबी. गुलालाला पाणी लागलं की त्याचा रंग होतो, त्यामुळं पाणी सगळ्यात शेवटी. आधी व्हॅक्यूम, मग कोरडा ब्रश, परत व्हॅक्यूम, आणि मगच ओला कपडा.

व्हॅक्यूमचं सांगतो कारण इथं लोक फसतात. लायटरच्या सॉकेटात लावायचं छोटं १२ व्होल्टचं मिळतं ते घेऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा, म्हंजे १२० ते १८० वॉट जेमतेम, त्यानं कुरमुरे उचलतात, गुलाल नाही. घरच्या लाइटवर चालणारं ओलं-कोरडं दोन्ही चालतं असं घ्या, १२०० वॉटच्या पुढचं, १५-२० लिटरच्या डब्याचं. कोरडी भुकटी ओढताना फिल्टर लावायचाच, नाहीतर मागनं तेवढाच गुलाल खोलीभर, आणि ओलं ओढताना कागदी फिल्टर काढून फोमचा लावायचा. माझ्या मित्रानं कागदी फिल्टर ठेवून पाणी ओढलं, फिल्टरचा लगदा झाला.

ओकारी. तासगाव रोडला सपाट आहे, कमी होते, पण बुकिंगला महाबळेश्वरला गेलो की पसरणी घाटात कोण ना कोण असतंच, आणि पाटणवरनं कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलात तर विचारूच नका. आधी कागदानं उचला, चोळू नका. मग राख किंवा लाकडाचा भुसा टाकून दहा मिनिटं तसंच राहू द्या, ओल शोषून घेतो. नंतर गार पाणी, गरम नको, गरम पाण्यानं त्यातलं दूध-अंड्याचं काय असेल ते आणखी घट्ट बसतं. वास जात नसला तर एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, कुत्र्या-मांजरांच्या दुकानात असतं, महाग वाटतं पण काम करतं. ते फवारून लगेच पुसायचं नाही, पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि त्याच्या आधी-नंतर ब्लीच मारायचं नाही, नाहीतर एन्झाइमच मरतं. सीटच्या मागच्या खिशात जाड कागदी पिशव्या ठेवा, हे तंत्रज्ञान नाही पण सगळ्या तंत्रज्ञानापेक्षा स्वस्त पडतं.

माव्याचा डाग चुना आणि सुपारीचा. लिंबूसत्वाचं पाणी, पाच मिनिटं, जुना दात घासायचा ब्रश. पत्र्यावर असेल तर नंतर साध्या पाण्यानं पुसून कोरडं करा, आंबट राहिलं तर गंज.

बाहेरनं धुवायला प्रेशर वॉशर चांगला, पाणी वाचतं. उघडा पाइप सोडला तर हिशोब राहत नाही, वॉशर मिनिटाला सहा-सात लिटरमध्ये काम करतो. जत, आटपाडी, तिकडं माण-खटाव भागातल्या गाडीवाल्यांना मी काय पाण्याचं सांगणार. याच मिरजेतनं २०१६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी नेलं होतं, जलदूत म्हणून. वॉशरची तोटी गाडीपासून फूट-दीड फूट लांब धरा, आत कधीच मारू नका, बॉनेट उघडून अल्टरनेटर-वायरिंगवर तर नकोच.

आता पैसे बुडवणारं. करोनाच्या वेळी २०२० मध्ये सगळे १ टक्का हायपोक्लोराइट, म्हंजे ब्लीचचं पाणी मारत होते, मीपण मारलं, दर फेरीला. धरायच्या दांड्या महिन्याभरात गंजल्या. धातूला ते चालत नाही, तिथं ७० टक्के स्पिरिट. जिथं हायपोक्लोराइट मारायचंय तिथं दहा मिनिटं राहू द्या आणि मग साध्या पाण्यानं पुसा. आणि ब्लीच व संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, लिंबूसत्वपण नको, क्लोरीन वायू तयार होतो, बंद गाडीत तर जीवाशी खेळ आहे.

दुसरं म्हंजे हातात धरून फिरवायची यूव्ही, म्हंजे अतिनील प्रकाशाची कांडी. मी घेतली होती ऑनलाइन, कुणाची ते नाव घेत नाही. जंतू मारणारा यूव्ही-सी प्रकाश खरा असतो, २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोत असे मोठे दिवे रात्री रिकाम्या डब्यांत लावून बघितले होते. पण तो सरळ पडेल तिथंच काम करतो, सीटच्या घडीत, शिलाईत, बाकाखाली, म्हंजे जिथं घाण असते नेमकं तिथंच नाही. वर थुंकी तशीच असेल तर तिच्या खाली काय पोचणार. वेळही लागतो, नुसती फिरवून होत नाही, आणि डोळ्याला व कातड्याला धोका, प्लास्टिक कालांतरानं तडकतं. ओझोनचं मशीनपण तसंच, छातीला वाईट. दोन्ही विसरा.

पण यूव्हीची दुसरी, साधी बत्ती घ्या. यूव्ही-ए टॉर्च, नोटा तपासायला सराफाकडं असते ती. मारत काही नाही, दाखवते. रात्री गाडी अंधारात लावायची, सगळे दिवे बंद, आणि बाकाबाकावरनं टॉर्च फिरवायची. लघवीचे डाग उजळून दिसतात, लहान पोरांच्या फेरीनंतर बघा एकदा. हळद हिरवट-पिवळी चमकते. आणि जिथं निळसर चमक दिसेल तिथं डाग नसतो, तिथं आपण साबण नीट पुसलेला नसतो, पावडरमध्ये कपडे उजळ दिसायला घातलेलं असतं ते चमकतं. हे मला माहीत नव्हतं, मी तीन दिवस एकच सीट धूत होतो, जेवढी धुवेल तेवढी जास्त चमकायची. शेवटी नुसत्या पाण्यानं पुसली, गेली. टॉर्च घेताना ३६५ नॅनोमीटरवाली बघा, ३९५ वालीचा स्वतःचाच जांभळा उजेड एवढा पडतो की बाकीचं दिसत नाही. डोळ्यात मारू नका.

एसी गाडी असेल तर एकच सांगतो. पहिल्यांदा चालू केल्यावर ओल्या मोज्यांचा वास येतो ना, तो आतल्या कॉइलवर बुरशी धरल्याचा. मुक्कामाच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायचा, कॉइल वाळते. केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो बहुतेक गाड्यांत, स्वतः काढून बघा. परफ्यूमच्या बाटल्या लावून वासावर वास चढवू नका, घाटात त्यानंच निम्मी माणसं ओकतात.

हे झालं गाडीवाल्यांसाठी. तुम्ही नुसते बसणारे असाल तर एसटी आणि रेल्वेचं थोडक्यात.

रेल्वेत सोय चांगली आहे, लोक वापरत नाहीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मिरज, सांगली, कराड, साताऱ्यातनं मुंबईला जाताना डबा घाण दिसला तर १३९ ला फोन, नाहीतर रेल मदद ॲप किंवा वेबसाईटवर पीएनआर टाकून तक्रार. डबा नंबर, कुठल्या बाजूचा संडास, एवढं लिहा आणि फोटो टाका. ज्या गाडीत चालत्या गाडीतली सफाईवाली माणसं असतात त्यांची वेळ सकाळी ६ ते रात्री १० असते, त्यामुळं चढल्या चढल्या बघून लगेच टाका, अकरा वाजता झोपायच्या वेळी नको. आणि संडासात बाटली, गुटख्याची पुडी, बाळाचा डायपर टाकू नका, आता बायो-टॉयलेट आहेत, खाली टाकीत जिवाणू मैला खातात, प्लास्टिक खात नाहीत, तुंबतं आणि मग सगळ्या डब्याची रात्र.

एसटीला टोल फ्री नंबर १८०० २२ १२५० आहे. बसचा नंबर पूर्ण लिहून घ्या, नुसतं "तासगावची साडेआठची" नको. नंबरावरनं आगार ओळखायला जाऊ नका, एसटीच्या गाड्यांचे नंबर सांगलीचा एमएच १० किंवा साताऱ्याचा ११ असेलच असं नाही, आगाराचं नाव गाडीवर वेगळं लिहिलेलं असतं ते बघा. तिकीट फेकू नका. रात्री मुक्कामाला गेलेली गाडी खेड्यात कोण धुणार, तो कंडक्टर नसतो धुणारा, म्हणून त्याच्यावर ओरडू नका, आगारात कळवा. स्टँडबाहेरचा, थांब्याजवळचा कचरा मात्र एसटीचा नाही, तो पालिकेचा, त्यासाठी स्वच्छता ॲप आहे, लोकेशन चालू ठेवून फोटो काढला की जागा आपोआप जाते. फोटोत माणसाचा चेहरा येऊ देऊ नका, झोपलेल्या बाईच्या शेजारच्या कचऱ्याचा फोटो काढाल आणि भलतंच होऊन बसेल.

खर्च कसा भागवायचा हे सगळे विचारतात. आमच्या स्टँडला अकरा गाड्या, एकट्यानं व्हॅक्यूम घ्यायची काही गरज नाही. आम्ही वर्गणी काढून एक घेतलं, ते गॅरेजवाल्याकडं ठेवलंय, लाइट त्याची म्हणून महिन्याला त्याला थोडे पैसे, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी ज्याला पाहिजे त्यानं वेळ टाकायची, सात ते आठ माझी, आठ ते नऊ दुसऱ्याची. फिल्टर ज्यानं भरला त्यानं झाडून ठेवायचा. हा शेवटचा नियम अजून कुणी पाळत नाही, काल मी गेलो तर आत कुणाचातरी सगळा गुलाल तसाच.